झाडाला एक माप, रांगोळीला दुसरे

मराठी मंडळ्यांच्या पास्टोरेट कमिट्या, संडे स्कूलचे शिक्षक, तरुण संघ आणि महिला मंडळे यांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

नोव्हेंबर सरत आला की तीच ती चित्रे फोनवर फिरू लागतात. एका बाजूला बाबेलचा प्राचीन राजा निम्रोद, ज्याच्यापासून नाताळ आला असे सांगतात, दुसऱ्या बाजूला सजवलेले झाड, खाली यिर्मयाच्या दहाव्या अध्यायाचा दाखला आणि शेवटी प्रश्न: मूर्तिपूजकांचा सण तुमच्या घरात कशाला? मग कुठे अर्धे सजवलेले झाड माळ्यावर जाते, कुठे सासू करंज्या तळत असते आणि सून म्हणते, हे सगळे बाबेलचे आहे. घरे अखेर विचारायला तुमच्याकडेच येतात. तुमचे उत्तर बहुधा दोनांपैकी एक असते, "सोडून द्या" किंवा "काही होत नाही". या दोन्ही उत्तरांनी भागत नाही, म्हणून हे पत्र.

आधी तारखेचे बघू, कारण सगळ्यांत मोठा गाजावाजा तिचाच असतो. २५ डिसेंबर हा सूर्यदेवाचा दिवस होता आणि चर्चने तो उचलला, असे सांगतात. सम्राट ऑरेलियनने इ.स. २७४ मध्ये रोमला अजिंक्य सूर्याचे मंदिर उभारले, हे खरे. पण २५ डिसेंबरला 'अजिंक्या'चा जन्मदिवस आणि त्यानिमित्त तीस रथशर्यती, अशी सर्वांत जुनी नोंद सापडते ती इ.स. ३५४ च्या एका रोमी पंचांगसंग्रहात. ख्रिस्त त्याच तारखेला बेथलेहेमात जन्मला, ही सर्वांत जुनी रोमी नोंदही त्याच संग्रहात आहे, दुसऱ्या एका यादीत, आणि ती यादी इ.स. ३३६ च्या सुमारास तयार झालेली. एकाच बाडात दोन्ही नोंदी असताना कोणी कोणाचे घेतले हे छातीठोकपणे कसे सांगणार?

दुसरा एक मार्ग अभ्यासक दाखवतात. इ.स. २०० च्या सुमारास तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने वधस्तंभाचा दिवस २५ मार्च धरला होता. प्रभू ज्या तारखेला मरण पावला त्याच तारखेला मरियेच्या उदरी आला, अशी समजूत होती. त्यात नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबर येतो. बिशप ऑगस्टीनने हे स्पष्ट लिहिले आहे. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी ६ एप्रिल धरला, म्हणून तिकडे ६ जानेवारी आला, आणि अर्मेनियन चर्च आजही त्याच दिवशी जन्मोत्सव पाळते. हिशोबाचे मत आणि सूर्याचे मत, दोन्ही अभ्यासकांमध्ये अजून उभी आहेत. सॅटर्नेलिया हा रोमी सण मात्र यात ओढू नका. तो १७ डिसेंबरला सुरू होई आणि फार तर २३ पर्यंत लांबे. मिथ्रस या रोमी काळातल्या दैवताचा जन्म २५ डिसेंबरला कुमारीच्या पोटी झाला, हेही कोणत्याच प्राचीन लेखात नाही. त्याच्या मूर्तींत तो खडकातून बाहेर येताना दिसतो.

निम्रोद आला कुठून, हे संडे स्कूलच्या शिक्षकांना तरी माहीत असायला हवे. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात त्याच्याविषयी मोजकी वचने आहेत: बलाढ्य शिकारी, काही नगरांचा संस्थापक. झाड, ओंडका, २५ डिसेंबर, सेमिरामिस राणीशी लग्न यातले तिथे काहीच नाही. ही सगळी गुंफण आर्बरोथ इथला स्कॉटिश पाळक अलेक्झांडर हिस्लॉप याने १८५३ च्या पुस्तिकेत केली आणि १८५८ मध्ये ती वाढवली. रोमन कॅथलिक चर्च म्हणजेच बाबेल, हे त्याला सिद्ध करायचे होते. कुठल्याही दोन देवतांत थोडे साम्य दिसले की त्या एकच, अशी त्याची पद्धत. राल्फ वुड्रो या अमेरिकन उपदेशकाने त्याच्या आधारावर पुस्तक लिहिले, ते खूप खपले. पुढे हिस्लॉपच्या तळटीपा एकेक करून मूळ ग्रंथांशी ताडून पाहिल्यावर वुड्रोने स्वतःचेच पुस्तक विक्रीतून काढून घेतले आणि १९९७ मध्ये हिस्लॉपचे खंडन करणारे दुसरे लिहिले. आपल्या फोनवर येते ते बहुतेक पहिल्या पुस्तकाच्या वळणाचे, आणि तेही गंमत म्हणजे कॅथलिक शेजाऱ्याला चिमटा काढायला नव्हे, तर आपल्याच घरातले झाड काढायला.

यिर्मयाचे ते वचन पुढेपर्यंत वाचा. कारागीर रानातले लाकूड तोडतो, कुऱ्हाडीने घडवतो, सोन्यारुप्याने मढवतो, हलू नये म्हणून खिळे ठोकतो; पुढच्याच वचनात त्याला बोलता येत नाही, चालता येत नाही, उचलून न्यावे लागते. ही मूर्ती घडवण्याची कृती आहे. दिवाणखान्यातल्या झाडाकडून कोणी बोलण्याची अपेक्षाच करत नाही.

सजवलेल्या झाडाचा कागदोपत्री माग काढला तर आपण आजच्या फ्रान्समधल्या आल्सेसात पोहोचतो. सेलेस्टा गावाच्या १५२१ च्या हिशेबात नाताळची झाडे चोरीला जाऊ नयेत म्हणून वनरक्षकांना चार शिलिंग दिल्याची नोंद आहे. १६०५ चा एक प्रवासी स्ट्रासबुर्गबद्दल लिहितो की लोक घरात सूचिपर्णी झाड ठेवतात आणि त्याला रंगीत कागदाची गुलाबफुले, सफरचंदे, पातळ पापड्या, बेगड आणि साखर टांगतात. सफरचंदे का? २४ डिसेंबर हा आदाम-हव्वेचा दिवस मानत, त्या दिवशीच्या नाटकात रंगमंचावर फळे लावलेले झाड असे. अनेक अभ्यासक तिथपर्यंत धागा नेतात. रोममधल्या सूर्याच्या मंदिरापासून हे बाराशे वर्षे दूर आहे.

ॲडव्हेंटचे, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचे, चार मेणबत्त्यांचे कडे तर उत्तर युरोपातल्या सूर्यचक्राची नक्कल म्हणून सांगितले जाते. ते १८३९ मध्ये हॅम्बुर्गच्या योहान हिन्रिख विखर्न या धर्मशास्त्रज्ञाने निराधार मुलांसाठी केले. मुले रोज विचारत, नाताळला किती दिवस उरले? त्याने गाडीच्या चाकावर रोजच्या लहान लाल आणि चार रविवारांच्या मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला यहेज्केलच्या आठव्या अध्यायातली सूर्यपूजा म्हणणारे आहेत. ती १७३२ मध्ये हेर्नहुट इथल्या मोरेव्हियन तरुणांनी सुरू केली. ते पहाटे कबरस्तानात गाणी गायला गेले, कारण शुभवर्तमानात स्त्रिया पहाटे कबरेकडे जातात. ईस्टरच्या अंड्याचे कारण स्वयंपाकघरातले आहे. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, चाळीस दिवसांत अंडी खायची नाहीत, पण कोंबड्या काही लेंट पाळत नाहीत. साठलेली अंडी उकडून, रंगवून सणाच्या दिवशी वाटत. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० च्या हिशेबात साडेचारशे अंड्यांसाठी अठरा पेन्स खर्च पडला आहे. ईस्टरचे नाव जिच्यावरून आले म्हणतात त्या एओस्त्रे देवीचा उल्लेख बीड या मठवासी इतिहासकाराने ७२५ मध्ये एका वाक्यात केला. त्यात ना अंडे ना ससा. बाबेलच्या इश्तार देवीशी तर फक्त उच्चार जुळतो.

म्हणजे सगळे शुद्ध, सोवळे आहे असे नाही. नॉर्वेचा ख्रिस्ती राजा हाकोन याने दहाव्या शतकात जुना हिवाळी यूल सण नाताळच्या दिवशी आणून बसवला आणि प्रत्येक घराने मद्य गाळून तो पाळावा असा कायदा केला, असे तिथला राजेतिहास सांगतो. तर्तुलियन आपल्याच लोकांवर चिडून लिहितो की सणाला मूर्तिपूजकांच्या दारांपेक्षा ख्रिस्ती दारांवर जास्त दिवे आणि पाने लागतात. पोप ग्रेगरीने इ.स. ६०१ मध्ये इंग्लंडमधल्या केंटचा राजा एथेलबर्ट याला देवळे पाडायला सांगितले आणि महिनाभरातच तिथे निघालेल्या मेलितस या मिशनऱ्याला कळवले की देवळे पाडू नका, मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा आणि तिथेच जेवण घाला. एकाच माणसाची ही दोन पत्रे. तेव्हाही प्रश्न सोपा नव्हता.

म्हणून खोट्या इतिहासाला दुसऱ्या खोट्या इतिहासाने उत्तर देऊ नका, ही विनंती तुमच्यातल्या नाताळप्रेमींना. लूथरने चांदण्या पाहून झाडावर मेणबत्त्या लावल्या, ही गोष्ट त्याच्या काळच्या कोणत्याही कागदात नाही. बोनिफस या मिशनऱ्याने जर्मनीतल्या गाइस्मारचा पूजेचा ओक तोडला तेव्हा त्यातून हिरवे झाड निघाले, हेही नंतरचे. त्याचा चरित्रकार सांगतो की त्या लाकडाचे प्रार्थनामंदिर बांधले. वाकड्या साखरकांडीत येशूच्या नावाचे पहिले अक्षर शोधणे तर सोडूनच द्या.

आता मापाकडे येतो. उगम हेच माप धरले तर काय होते, याचा प्रयोग पूर्वी होऊन गेला आहे. इंग्लिश पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर हे सगळे सण रद्द केले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ च्या कायद्याने नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, तो १६८१ मध्ये उठला. पण तिथे नाताळची सरकारी सुट्टी १८५६ मध्ये आली. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या आणि १८३१ पासून अहमदनगरला काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या मागची संस्था याच मॅसॅच्युसेट्समधल्या बॉस्टनची. आपल्या कितीतरी मंडळ्यांना शुभवर्तमान देणारे लोक असे नाताळबद्दल साशंक असलेल्या मातीतून आले होते. नाताळ म्हणजे "मिशनऱ्यांनी दिलेले" असे डोळे झाकून म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

दुसरा प्रयोग गोव्यातला. तिथल्या इन्क्विझिशनने, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाने, १७३६ मध्ये फर्मान काढले: लग्नात ओव्या म्हणू नका, वधूवरांना हळद, तेल, नारळाचे दूध लावू नका, विडे-सुपाऱ्या देऊ नका, अंगणात तुळस नको, मिठाशिवाय भात शिजवू नका, बायकांनी चोळी आणि पुरुषांनी पुडवे (धोतर) नेसू नये. या गोष्टींचा उगम खरोखरच ख्रिस्ती होण्याआधीच्या रीतींत होता. इतिहास चुकला नव्हता, माप चुकले होते. इन्क्विझिशन १८१२ मध्ये संपले. नारळाच्या दुधाचा रोस गोव्याच्या लग्नात आजही लागतो आणि मुंबई-वसईकडच्या लग्नांत हळदही लागते.

तुमच्या कमिट्यांमध्ये ते माप अजून आहे, पण एकाच बाजूला चालते. प्लास्टिकचे झाड किंवा सुरूची फांदी चर्चमध्ये उभी राहते, त्यावर कापसाचा बर्फ चढतो (नगरच्या डिसेंबरात! आणि कापसाशेजारी बल्बची माळ लावू नका, पेट घेतो), पण दारातल्या रांगोळीवर बैठकीत चर्चा होते. अंगठीचा उगम रोमी वाङ्निश्चयात आहे, ती पाळक स्वतः आशीर्वाद देऊन घालतात. मंगळसूत्रावर मात्र प्रश्न. केकवरच्या मेणबत्त्या चालतात, जरी तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिजेन वाढदिवसालाच विरोध करत होता: शास्त्रात वाढदिवस पाळणारे म्हणजे फारो आणि हेरोद, असे त्याचे म्हणणे. पणती मात्र नको. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी कीर्तन आणि अभंग जसेच्या तसे ख्रिस्ताकडे वळवले आणि आज उपासना संगीतातली त्यांची गीते कोणी काढा म्हणत नाही. मग हीच मोकळीक घरातल्या बाईच्या हाताला का नाही?

शास्त्र कोणते माप देते? विरोधकांचे सर्वांत भक्कम वचन अनुवाद १२:३० हे आहे, आणि त्याला बगल देऊ नये. ते म्हणते, ही राष्ट्रे आपल्या दैवतांना कशी भजत होती याची चौकशी करून तसे करू नका. पुढच्या वचनात उदाहरण मुलांचा होम करण्याचे आहे. मनाई उपासनेच्या प्रकाराला आहे. पण शलमोनाच्या मंदिराचे पितळकाम सोर नगराहून आणलेल्या हिरामाने केले आणि सुंता मिसरी लोकांतही होती, हे यिर्मयाच सांगतो. योहान १०:२२ मध्ये येशू पुनःप्रतिष्ठापनेच्या सणाला मंदिरात आहे; तो सण मोशेच्या नियमशास्त्रात नाही. पौल करिंथच्या लोकांना सांगतो की बाजारातले मांस न विचारता खा, पण समोरचा म्हणाला की हे मूर्तीला वाहिलेले आहे, तर त्याच्या विवेकबुद्धीसाठी खाऊ नका. वस्तू तीच. ती आज कोणासाठी केली जाते आणि पाहणाऱ्याला काय कळते, एवढ्यावर निर्णय फिरतो. पोप लिओने पाचव्या शतकात नाताळच्याच प्रवचनात पेत्राच्या चर्चच्या पायऱ्यांवर मागे वळून उगवत्या सूर्याला वाकणाऱ्या ख्रिस्ती लोकांना झापले. त्याने नाताळ बंद केला नाही, वाकणे बंद करायला सांगितले.

हे माप घरात लावून पाहा. फराळाला प्रश्नच नाही. करंजी, चकली, शंकरपाळी कोणत्याही दैवताची नव्हे. रांगोळी घाला, लक्ष्मीची पावले, स्वस्तिक, शुभ-लाभ सोडा, तारा किंवा द्राक्षवेल काढा. लग्नातली हळद ठेवा, देवक आणि पत्रिकेवरून काढलेला मुहूर्त सोडा. मंगळसूत्र विवाहाची खूण म्हणून ठेवा. काळे मणी दृष्ट लागू नये म्हणून आहेत असे मुलीला सांगत असाल तर अडचण मण्यांची नाही, सांगण्याची आहे. गाडीचे लिंबू-मिरची मात्र सरळ नको, कारण दृष्ट टाळणे यापलीकडे त्याला कामच नाही. पायाभरणीचा नारळ जमिनीच्या देवतेसमोर फुटतो. तिथे प्रार्थना करा आणि नारळ वड्यांना वापरा. शेजाऱ्याने दिवाळीचे ताट दिले तर घ्या आणि नाताळला आपले पाठवा. त्याने सांगितले की हा पूजेचा प्रसाद आहे, तर पौलाचा नियम लागू होतो: हात जोडून, कारण न उगाळता, नम्रपणे नकार. कोकणात भाताची पहिली कणसे दाराला बांधायची रीत ख्रिस्ती धर्माहून जुनी असणार. गोव्यातल्या राय गावी ५ ऑगस्टला कणसांच्या फेस्ताला तीच कणसे चर्चमध्ये आशीर्वादित होतात, मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचा आगेरा हा कापणीचा सण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असतो, आणि लेवीय २३:१० पहिली पेंढी याजकाकडे आणायलाच सांगते.

एक अपवाद मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. जो माणूस गेल्या वर्षी देवघर सोडून आला, त्याला नारळ म्हणजे अजून पूजाच आहे. ज्याच्या आज्याला गावदेवाच्या पालखीपुढे वाजवावेच लागे, त्याला हलगी चर्चमध्ये ऐकताना संस्कृती आठवणार नाही, सक्ती आठवेल. त्याच्यावर "आपली परंपरा" लादू नका. रोमकरांस १४ दोन्हीकडून बांधते: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये.

चुकते कुठे, तेही सांगतो. दहा वर्षांच्या मुलाला "झाड मूर्तिपूजकांचे" एवढेच सांगून सोडले, तर पंधराव्या वर्षी तो इंटरनेटवर याच युक्तिवादाचा पुढचा टप्पा वाचतो: कुमारीजन्म उसना, पुनरुत्थान उसने. पहिली पायरी आपणच बांधून दिलेली असते. त्यापेक्षा संडे स्कूलमध्ये एक तास द्या. दोन मीटर दहा सेंटिमीटरची कागदी पट्टी घ्या, दर शतकाला दहा सेंटिमीटर. त्यावर मुलांकडूनच २७४, ३३६, ७२५, इटलीतल्या ग्रेच्चोचा गव्हाणीचा देखावा १२२३, १५२१, १७३२, १८३९ मांडून घ्या. सूर्यमंदिर आणि झाड यांच्यातले सव्वा मीटर अंतर मुले स्वतः बोट ठेवून दाखवतात. वर्ग दहा वर्षांपुढचा असावा. लहानांना शतक कळत नाही, ती पट्टीवर ससे काढतात.

कमिटीला ठराव करायचाच असेल तर तो ऑक्टोबरच्या बैठकीत करा. ॲडव्हेंटचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये येतो. तोवर घरांत रव्याची, डाळीची आणि दिव्यांची खरेदी झालेली असते आणि त्यानंतर आलेली प्रत्येक सूचना भांडण होऊनच घरात शिरते. ठरावात प्रथेचे नाव, ती आज कोणत्या अर्थाने केली जाते, आक्षेप नेमका कशाला आणि त्याऐवजी काय करता येईल, हे चार रकाने असू द्या. उगमाचा रकाना हवा असेल तर ठेवा, पण त्यात नोंदीचे वर्ष लिहिता आले नाही तर तो रिकामा सोडा. आणि एकाच कागदावर झाड आणि रांगोळी, अंगठी आणि मंगळसूत्र शेजारी शेजारी लिहा.

आपले,
मंडळ्यांत चर्चचा इतिहास शिकवणारे काही सहविश्वासू